गंगेवरची पहिली मॅन्युअल सकाळ: आदल्या रात्रीपासूनची तयारी

हौसेनं घेतलेला कॅमेरा ऑटोवरून हलायला तयार नसेल, तर थंडीतली एक सकाळ गंगेसाठी, म्हणजे आपल्या गोदाघाटासाठी राखून ठेवा. नाशिकमध्ये एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड येऊ द्यायचा ते, शिकायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. रामकुंडापासून दुतोंड्या मारुतीपर्यंतच्या थोड्याशा चालीत अंधार, कोवळं ऊन, पाण्यावरची चमक, काळा दगड, पांढरी धोतरं आणि उडणारी कबुतरं असं सगळं भेटतं. सुट्टीचा दिवस टाळा. गर्दीत माणूस घाईनं बटणं दाबतो आणि शिकायचं राहून जातं.

आदल्या रात्री बॅटरी पूर्ण चार्ज करा. दुसरी असेल तर तीही करा आणि ती पिशवीत न ठेवता स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवा, कारण थंडीत बॅटरी लवकर उतरते. कार्डावरचे जुने फोटो कॉम्प्युटरवर उतरले आहेत ना हे बघून कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. लेन्स पुसून ठेवा. ट्रायपॉड घरीच राहू द्या, घाटाच्या पायऱ्यांवर तो येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायात येतो.

मग मेन्यू उघडा. ऑटो आयएसओ बंद करा (आयएसओ म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा). हे विसरलात तर तुम्ही शटर, म्हणजे प्रकाश किती वेळ आत येतो ते, बदलाल, कॅमेरा गुपचूप आयएसओ बदलून फोटो पुन्हा तेवढाच उजळ करेल, आणि आपण काय केलं त्याचा परिणाम दिसणारच नाही. फ्लॅश बंद. फोटो रॉ (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) आणि जेपेग दोन्हीत साठवा. अतिउजेडानं तपशील गेलेला भाग लुकलुकून दाखवायची सोय असते, ती चालू करा. बहुतेक कॅमेऱ्यांत डायलची एक खट म्हणजे एक तृतीयांश स्टॉप, म्हणजे तीन खटींना एक स्टॉप. स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. शटर १/१२५ सेकंदावरून १/२५० वर नेला की प्रकाश निम्मा होतो, आयएसओ २०० वरून ४०० केला की फोटो दुप्पट उजळतो. अ‍ॅपर्चरचे, म्हणजे लेन्समधल्या छिद्राचे, आकडे तेवढे सरळ नाहीत: २.८, ४, ५.६, ८, ११, १६. प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा होतो आणि आकडा मोठा होतो तसं छिद्र लहान होतं. ही ओळ पाठच करा. फोटोग्राफीत पाठ करण्यासारखं फार थोडं आहे, त्यातली ही एक.

आता सर्वांत महत्त्वाची तयारी, आणि ती दिवसा उजेडी घरीच करायची. खिडकीच्या कट्ट्यावर पितळी तांब्या ठेवा आणि त्याच्यामागे चार-पाच फुटांवर बाहेरची कुंडी दिसेल असं बसा. डायल एमवर, म्हणजे मॅन्युअलवर घ्या. व्ह्यूफाइंडरमध्ये खाली उजेड मोजणाऱ्या मीटरचा काटा दिसतो, तो शून्यावर आणा. समजा, आकडे आले एफ ८ (म्हणजे अ‍ॅपर्चर ८) आणि १/१२५. एक फोटो काढा. आता अ‍ॅपर्चर तीन खटी उघडून ५.६ वर आणा. काटा उजेडाच्या बाजूला सरकेल. मग शटर तीन खटी वाढवून १/२५० करा, काटा पुन्हा शून्यावर येईल. उलट्या बाजूनं एफ ११ आणि १/६० करून बघा. तिन्ही फोटो सारखेच उजळ येतील, पण मागची कुंडी प्रत्येकात वेगळी दिसेल, ५.६ ला विरघळलेली आणि ११ ला बरीच रेखीव. आपल्याला कोणता फोटो हवा हे आधी ठरवायचं, त्यातून एक आकडा पक्का होतो आणि उरलेले दोन त्याच्या मागोमाग येतात. मॅन्युअलमध्ये याहून वेगळं काही नाही. हा खेळ बोटांना सवय होईपर्यंत करा, शेवटी तर डायलकडे न बघता. पहाटेच्या अंधारात बटणं शोधायला मोबाइलचा टॉर्च लावावा लागू नये.

डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, त्याआधी अर्धा तास घाटावर पोहोचा. सुरुवात आयएसओ १६००, एफ ३.५ आणि १/६० वर करा, काटा बघून पुढचं ठरवा. १८-५५ची किट लेन्स असेल तर एक गोष्ट ध्यानात असू द्या: झूम ५५ वर नेलीत की लेन्स ५.६ च्या पलीकडे उघडत नाही. म्हणजे एक स्टॉपहून जास्त प्रकाश गेला, आणि फोटो अचानक काळवंडण्याचं कारण बहुतेकदा हेच असतं. हात हलू नये म्हणून शटर निदान झूमच्या आकड्याइतका ठेवायचा असं सांगतात. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात मी दीडपट धरायला सांगेन, म्हणजे ५५ ला १/८० किंवा त्याहून वेगवान.

ऊन चढू लागलं की दर दोन-तीन मिनिटांनी काटा बघायची शिस्त ठेवा, पहिल्या अर्ध्या तासात उजेड झपाट्यानं बदलतो. कबुतरांचा थवा उडताना पंख गोठवायचे असतील तर शटर १/१००० च्या पुढे न्या. आंघोळ करणाऱ्या पोरांनी उडवलेल्या पाण्याच्या रेघा हव्या असतील तर १/१५ पर्यंत खाली या, कोपर अंगाला टेकवा आणि श्वास रोखून बटण दाबा. ऊन लख्ख झाल्यावर आयएसओ २०० ला १/२०० आणि एफ १६ हे आकडे मीटरशिवायही जमतात. त्याच हिशोबानं एफ ८ ला १/८००.

तिथून काळाराम मंदिराकडे चाला. मीटरला समोरचं सगळं मध्यम करडं दिसावं असं वाटतं. काळ्या दगडानं चौकट भरली की तो जास्त उजेड मागतो आणि दगड राखाडी येतो. म्हणून काटा शून्याखाली एक स्टॉप ठेवा. उन्हातल्या पांढऱ्या धोतरासाठी उलट, एक स्टॉप वर. बाबासाहेबांनी १९३० साली सुरू केलेला मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह याच दारांपुढे झाला. फोटोच्या नादात तिथून तसंच पुढे जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं. आत कॅमेरा न्यायचा असेल तर आधी विचारा.

आणि घाटावर दशक्रिया किंवा अस्थिविसर्जन चालू असेल तिथे कॅमेरा खाली ठेवायचा. तो सराव दुसऱ्या कशावरही होतो.

नांदूर मध्यमेश्वरचे पक्षी पुढच्या टप्प्यासाठी ठेवा. २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झालेलं हे पाणथळ निफाडजवळ आहे, पण उडत्या बदकांना १/२००० लागतो आणि तेव्हा ऑटो आयएसओ पुन्हा चालू करणंच शहाणपणाचं.

घरी आल्यावर कॅमेरा अर्धा तास पिशवीतच राहू द्या, गार लेन्सवर घरातल्या उबेनं वाफ धरते. मग मोठ्या स्क्रीनवर फोटो आकड्यांसकट उघडा आणि बिघडलेल्यांपासून सुरुवात करा. सगळंच एका दिशेला पुसट असेल तर हात हलला. घाट स्पष्ट आणि माणूस पुसट असेल तर शटर त्याच्या हालचालीला कमी पडला. पुढचा दिवा रेखीव पण मागचं देऊळ विरघळलेलं असेल आणि तुम्हाला दोन्ही हवं होतं, तर अ‍ॅपर्चर फार उघडं राहिलं, पुढच्या खेपेला एफ ८ वर या आणि उजेड आयएसओमधून भरून काढा.