आधी विचारा, लढतंय कोण?

आंतरराष्ट्रीय मानवतावादी कायद्यात (म्हणजे युद्धातही पाळायच्या नियमांत) काम करायचं म्हणताय, तर आधी माझी फजिती ऐका. त्यातल्या माझ्या पहिल्या लेखी चाचणीत मी चार पानं लिहिली. चारही वाया गेली.

प्रश्न साधा होता. एका देशाचं सैन्य आणि तिथलाच बंडखोर गट वर्षभर लढताहेत, शेजारी देश बंडखोरांना शस्त्रं पुरवतोय. सैन्याने ४० जण पकडलेत, त्यांना कोणतं संरक्षण? १९४९चे चारही जिनिव्हा करार मला तोंडपाठ, त्यामुळे मी थेट तिसऱ्या कराराच्या युद्धकैद्यांवर तुटून पडले. नंतरच्या मुलाखतीत परीक्षक बाईंनी एवढंच विचारलं, "लढाई कोणाकोणात आहे?" माझी दातखीळ बसली.

देश विरुद्ध देश असेल तरच युद्धकैद्याचा दर्जा. देश विरुद्ध गट असेल तर तो दर्जाच नाही. हाती शस्त्र घेतलं एवढ्यावरून सरकार आपल्या कायद्याखाली खटला भरू शकतं. मग उरतं काय? चारही करारांत असलेलं सामायिक कलम ३: छळ नाही, ओलीस ठेवणं नाही, रीतसर न्यायालयाशिवाय शिक्षा नाही. या करारांना जोडलेला, देशांतर्गत संघर्षांसाठीचा १९७७चा दुसरा प्रोटोकॉल आठवेल, पण तो देशाने स्वीकारलेला असायला हवा (भारताने नाही), शिवाय गटाच्या ताब्यात काही भूभागही हवा. शेजाऱ्याने शस्त्रं दिली म्हणून लढाई आंतरराष्ट्रीय होत नाही. गटावर त्याचं एकूण नियंत्रण आहे का, ते युगोस्लाव्हियासाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाच्या १९९९च्या तादिच निकालाच्या कसोटीवर बघायचं. आणि त्याही आधी, ही दंगल की सशस्त्र संघर्ष? हिंसेची तीव्रता आणि गटाची संघटना, दोन्ही तपासा. एवढं झाल्याशिवाय 'युद्धगुन्हा' हा शब्द कागदावर आणू नका. बातमीतला फोटो बघून तर अजिबात नाही.

घाबरू नका, हे सरावाने अंगवळणी पडतं. रूढ नियमांचा (करारात नसले तरी देशांच्या वागण्यातून बंधनकारक झालेल्या नियमांचा) रेडक्रॉसचा २००५चा अभ्यास हाताशी ठेवा. त्यातल्या १६१ नियमांपैकी बहुतेक दोन्ही प्रकारच्या संघर्षांना लागू होतात, तेव्हा अगदी हात बांधलेले नसतात.

दोन दिवसांच्या ऑनलाइन सर्टिफिकेटांनी बायोडेटा लांबतो, बाकी काही होत नाही. त्यापेक्षा रेडक्रॉसची कल्पना मांडणाऱ्या हेन्री ड्यूनांच्या नावाची मूट कोर्ट (लुटुपुटूच्या खटल्याची) स्पर्धा करा, हरलात तरी चालेल. याच कायद्यावरच्या झाँ पिक्टे स्पर्धेत तर कोर्टच नसतं. कधी सैन्याचा वकील व्हायचं, कधी मदतसंस्थेचा प्रतिनिधी, तेही ऐन वेळी. मार्गदर्शकाचं म्हणाल तर ओळखीची पत्रं वाटणाऱ्या सरांपासून मी चार हात लांब असते. माझा मसुदा लाल शाईने भरून परत देणाऱ्या एका सीनिअरने मला जास्त शिकवलं, आणि तेव्हा मी त्याच्यावर महिनाभर चिडून होते.

फ्रेंच आत्ताच सुरू करा. मी तिशीत सुरू केली आणि क्रियापदांनी रडवलं.

पैशांचं स्पष्ट सांगते: जिनिव्हातलं एलएलएम (कायद्यातली पदव्युत्तर पदवी) कर्ज काढून करणार असाल, तर हप्ते पगाराच्या भरवशावर आखू नका. कंत्राटं छोटी असतात, देणगीदारांनी हात आखडला की पदं जातात. २०२३मध्ये रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीनेही मोठी कपात केली. माझं सध्याचं कंत्राट अकरा महिन्यांचं आहे. चौथं.