जपानी क्लासमेट्ससोबत ग्रेट ओशन रोडची ग्रुप ट्रिप काढताय? मग हे आधी वाचा

मेलबर्नला शिकायला आलात आणि क्लासमध्ये किंवा घरात रूममेट म्हणून जपानी मुलं-मुली असतील तर कधी ना कधी ग्रेट ओशन रोडचा, म्हणजे मेलबर्नजवळच्या समुद्रकिनाऱ्याच्या रस्त्याचा, विषय निघतोच. जपानमधल्या कॉलेजांना साधारण ऑगस्ट-सप्टेंबर आणि फेब्रुवारी-मार्चला मोठी सुट्टी असते, त्यात बरीच मुलं काही आठवड्यांसाठी इंग्लिश शिकायला येतात, म्हणजे हातात मोजकेच वीकेंड. माझी रूममेट अशीच आलेली, तिच्या क्लासच्या ट्रिपला मी पण गेले, आम्ही आठ जण, दोन गाड्या.

सगळ्यात आधी ठरवा कोण कुठल्या गाडीत बसणार. आम्ही हे ठरवलंच नाही, मग साहजिकच चार जपानी एका गाडीत आणि उरलेली एक जपानी मुलगी, एक कोरियन, एक कोलंबियन आणि मी दुसऱ्या गाडीत. लॉर्नला चहाला थांबलो तेव्हा रूममेट हळूच म्हणाली, सकाळपासून मी इंग्लिशचं एक वाक्य बोलले नाहीये, आणि तिचा चेहरा बघून मला इतकं वाईट वाटलं, कारण घरच्यांनी पैसे भरून पाठवलं होतं ते ह्याच एका गोष्टीसाठी. मग तिथेच पार्किंगमध्ये जानकेन, म्हणजे त्यांचं दगड-कागद-कात्री, खेळून सीट बदलल्या. तुम्ही हे निघतानाच करा. आणि ज्याला इंग्लिश बोलायची सगळ्यात जास्त भीती वाटते त्याला ड्रायव्हरच्या शेजारी बसवून रस्ता सांगायचं काम द्या, लेफ्ट, राइट, राउंडअबाउटला सेकंड एग्झिट, हे बोलावंच लागतं आणि चुकलं तरी कोणी हसत नाही. मॅप आधीच डाउनलोड करून ठेवा, वाटेतल्या ऑटवेच्या जंगलात नेटवर्क जातं.

प्लॅनिंग करताना ग्रुपवर "कुठे जाऊया?" असं मोघम विचारू नका, सगळे "एनीव्हेअर इज ओके" म्हणतील आणि चार दिवस जातील. लाइनवर (जपान्यांचं व्हॉट्सअॅपसारखं चॅट अॅप) तीन पर्याय टाकून पोल घ्या, लगेच उत्तरं येतात. कोणी "चोत्तो..." (म्हणजे "जरा...") म्हणून थांबलं तर ते बहुतेक वेळा नाही असतं, आपण "बघू" म्हणतो नं, तसंच, जास्त आग्रह करू नका. आणि सात म्हणजे सातच्या पाच मिनिटं आधी, हे त्यांना शाळेपासून शिकवलेलं असतं, तुम्ही सात-वीसला पोचलात तर कोणी काही बोलणार नाही पण सगळे थंडीत उभे असतील.

गाडीचं बघा. जपान, भारत, ऑस्ट्रेलिया तिन्हीकडे डावीकडूनच चालवतात म्हणून टेन्शन कमी, पण जपानी लायसन्स जपानीत असतं, त्यामुळे इंटरनॅशनल परमिट किंवा इंग्लिश ट्रान्सलेशन लागतंच. पंचवीसच्या आतल्या ड्रायव्हरला रेंटलवाले बहुतेक जास्तीचे पैसे लावतात, ते बुकिंगच्या वेळीच विचारा. कोणीच चालवणारं नसेल तर मेलबर्नच्या सदर्न क्रॉस स्टेशनवरून जिलाँगपर्यंत ट्रेन आणि पुढे अपोलो बेपर्यंत बस आहे.

पैसे त्यांच्यात वारिकान, म्हणजे समान वाटणी. तुमच्याकडे राहिलेले पैसे ते सहसा मागत नाहीत, म्हणून त्याच दिवशी स्वतःहून द्या.

रूट सोपा आहे, टॉर्की, मग ईस्टर्न व्ह्यूची मेमोरियल आर्च, लॉर्न, केनेट रिव्हरला झाडावर कोआला शोधायचे, अपोलो बेला जेवण आणि मग ट्वेल्व्ह अपॉसल्स, म्हणजे समुद्रात उभे असलेले उंच खडक. आर्चपाशी फक्त फोटो काढून पळू नका, हा 243 किमीचा रस्ता पहिल्या महायुद्धातून परत आलेल्या सैनिकांनी 1919 ते 1932 मध्ये बांधला, गेलेल्या साथीदारांच्या आठवणीत, तो सैनिकांचा पुतळा नीट बघा.

जेवणाची ऑर्डर एकाने सगळ्यांसाठी देऊ नका, प्रत्येकाने आपापली द्यायची. रूममेटने आदल्या रात्री आरशासमोर प्रॅक्टिस केलेली, "वन फ्लेक अँड मिनिमम चिप्स प्लीज". फ्लेक म्हणजे इथे शार्क मासा आणि मिनिमम चिप्स म्हणजे सगळ्यात छोटा वाटा, जो दोघांना पुरतो. काउंटरवरच्या बाईंनी तिला भराभर काहीतरी विचारलं, ही गोंधळली, माझ्याकडे बघितलं, मी मुद्दाम गप्प राहिले, मग तिने "सॉरी, वन मोअर टाइम?" म्हणून परत विचारलं आणि मीठ की चिकन सॉल्ट, म्हणजे मसाल्याचं मीठ, एवढंच होतं ते. कागदाची गरम पुडी घेऊन ती धावतच आली. तुम्हीही तेव्हा मध्ये पडू नका प्लीज, दहा सेकंद थांबा.

अपॉसल्स मोजायला जाल तर बारा भरत नाहीत, कधीच नव्हते, आणि त्यातला एक तर 2005 मध्ये कोसळला. तिथून जवळच लॉख आर्ड गॉर्ज आहे, 1878 मध्ये जहाज फुटून 54 पैकी फक्त दोघं वाचले ती जागा, खाली वाळूत उतरून जा, आम्हाला सगळ्यात जास्त तेच आवडलं.

परतताना किनाऱ्याने येऊ नका, आतून कोलॅकमार्गे या, तीनेक तासात मेलबर्न. ऑगस्टमध्ये सहाच्या आसपास अंधार पडतो आणि संधिप्रकाशात कांगारू रस्त्यावर येतात, त्यामुळे चारलाच निघा आणि ज्याने दिवसभर कमी चालवलंय त्याच्या हातात स्टिअरिंग द्या.