तळ्याकाठच्या लागवडीची तयारी, आणि मुळे धुण्याविषयी

सिरपूर आणि यशवंत सागर ही इंदूरची दोन पाणथळे २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळांच्या यादीत, आली. त्याच वर्षी आम्ही महूकडील आमच्या शेततळ्याच्या काठी देशी पाणवनस्पती लावल्या, आणि मुळे न धुताच लावल्या. लव्हाळ्याच्या एका जुडीत अडकलेले, अंगठ्याएवढे, फुगीर देठाचे रोपटे मी पाहिले होते आणि तसेच पाण्यात जाऊ दिले. ती जलपर्णी होती, जिला इथे सगळे जलकुंभी म्हणतात. पुढच्या दिवाळीपर्यंत तिने निम्मे तळे झाकून टाकले.

कुदळ, घमेली, दोरी हे सांगायला नको. सोबत दोन मोठे टब न्यावेत. प्रत्येक जुडी पहिल्या टबात खळबळून धुवावी, दुसऱ्यात विसळावी आणि मुळे बोटांनी मोकळी करून पाहावीत, कारण जलपर्णीचा लहानसा धुमाराही नवे रोप देतो आणि तिचे बी चिखलात अनेक वर्षे टिकते. टबांतले गढूळ पाणी तळ्यात किंवा नाल्यात न ओतता बांधापलीकडे कोरड्या जमिनीवर ओतावे. रोपे ओळखीच्या माणसाने दिली असली, तरी मुळे धुवावीतच.

लव्हाळा भरपूर घ्यावा. त्याच्या बिया बदके खातात, आणि पाण्यातून वर आलेल्या त्याच्या दांड्यांवर चढून चतुराची अळी शेवटची कात टाकते. भल्या सकाळी गेल्यास पाठीवर उभी चीर पडलेली, पोकळ, तपकिरी कात देठाला घट्ट चिकटलेली दिसते. पाणकणसात जांभळी पाणकोंबडी घरटे करते, तरी ते एका कोपऱ्यातच लावावे, नाहीतर सारा काठ व्यापते. कमळाची आणि कुमुदाची रोपे जवळजवळ लावावीत, कारण कमळपक्ष्याची अंडी तरंगत्या पानांवर असतात आणि ती नर उबवतो. बेशरमाचे झुडूप कुंपणासाठीसुद्धा लावू नये.

गेल्या पावसाळ्यात पाणी जिथवर चढले होते तिथे खुंट्या ठोकाव्यात आणि शेंडा पाण्याबाहेर राहील अशीच रोपे काठाला लावावीत. म्हशींसाठी पाण्याची वाट वेगळी ठेवून बाकी काठाला काटेरी झापे लावावीत. सिरपूर किंवा यशवंत सागरच्या काठी परवानगीवाचून काहीही लावू नये. पंधरा दिवसांनी काठाने फिरावे. फुगीर देठाचे एकही रोप दिसले, तर मुळासकट उपटून पाण्यापासून दूर उन्हात वाळवावे.