डेटाबेस निवडताना या चुका टाळा, आणि दोष डेटाबेसचा नसेल तर तो बदलू नका

नव्या सॉफ्टवेअर प्रकल्पात डेटाबेसचे नाव बहुतेक वेळा गरजांची यादी तयार होण्याआधीच ठरलेले असते. कोणाला मागच्या नोकरीत हाताळलेला डेटाबेस हवा असतो, कोणाला नुकत्याच ऐकलेल्या व्याख्यानातला, आणि ‘उद्या वापरकर्ते वाढले तर’ या एका वाक्याच्या जोरावर, एकाच सर्व्हरवर सहज मावणाऱ्या माहितीसाठी अनेक सर्व्हरची मांडणी सुचवणाराही कोणीतरी असतोच. वर्षभराने पाने संथ उघडू लागली की हीच मंडळी ‘डेटाबेस चुकला’ या निष्कर्षावर येतात. इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. काही चुका खरोखर निवडीच्या असतात आणि त्या मागाहून सुधारणे फार महाग पडते. पण त्याहून कितीतरी अधिक चुका वापराच्या असतात आणि त्या निवडीच्या माथी मारल्या जातात.

प्रश्न न लिहिता डेटाबेस ठरवणे

माहिती कशी साठवायची याचा विचार सगळेच करतात. त्या माहितीला पुढे कोणते प्रश्न विचारले जाणार आहेत, हे मात्र फार थोडे जण कागदावर उतरवतात. ऑर्डर नोंदवणाऱ्या एखाद्या प्रणालीत ग्राहक, वस्तू आणि रक्कम हे सगळे एकाच डॉक्युमेंटमध्ये (म्हणजे एकत्र साठवलेल्या एका नोंदीत) ठेवले, तर ऑर्डरचे पान दाखवण्यासाठी ती मांडणी उत्तम असते, कारण एकाच वाचनात सगळे हाती येते. पुढे कोणी ‘ही वस्तू परत करणाऱ्या ग्राहकांनी आणखी काय घेतले होते’ असे विचारले, की त्याच मांडणीत प्रत्येक डॉक्युमेंट उघडून पाहण्याची वेळ येते. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या रिलेशनल (माहिती एकमेकांशी जोडता येणाऱ्या टेबलांत ठेवणाऱ्या) पद्धतीचा मुख्य हेतूच हा होता की, माहिती आत कशी रचली आहे यावर प्रश्न अवलंबून राहू नयेत आणि आधी न सुचलेला प्रश्नही विचारता यावा.

कॅसांड्रा या डेटाबेसचा मार्ग नेमका उलटा आहे. तिथे आधी प्रश्न ठरतो आणि मग त्या प्रश्नासाठी टेबल बनते. लिखाणाचा ओघ प्रचंड असेल आणि प्रश्न मोजके व ठरलेले असतील तर हा सौदा फायद्याचा असतो. पण नव्या उत्पादनाचे प्रश्न सुरुवातीच्या काळात सतत बदलत असतात, आणि प्रत्येक बदलासाठी नवे टेबल भरत बसावे लागते. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: ठोस आणि मोजलेले कारण हाती नसेल, तर सुरुवात पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएलसारख्या रिलेशनल डेटाबेसने करावी. निवडीआधी अपेक्षित क्वेऱ्यांची, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या प्रश्नांची, यादी करावी आणि प्रत्येकीसमोर ती किती वेळा चालेल, उत्तर किती शिळे असले तरी चालेल आणि ते चुकले तर कोणाचे नुकसान होईल, हे लिहावे.

‘आमच्या माहितीला ठरावीक आकार नाही, म्हणून स्कीमा नसलेला डेटाबेस हवा’ हा युक्तिवादही तपासून घ्यावा. स्कीमा, म्हणजे माहितीचा ठरलेला आराखडा, नाहीसा होत नाही, तो कोडमध्ये जाऊन बसतो. आणि जुन्या-नव्या आकारांच्या नोंदी एकत्र साठल्या की प्रत्येक वाचनाच्या जागी ‘हे फील्ड आहे का’ असे विचारावे लागते. माहितीचा काही भागच बदलता असेल, तर पोस्टग्रेसमध्ये २०१४ सालच्या ९.४ आवृत्तीपासून जेसनबी हा, ठरावीक आकार नसलेली माहिती ठेवता येणारा, कॉलमचा प्रकार आहे, आणि तेवढा भाग त्यात ठेवून बाकीच्या कॉलमांना नीट बंधने घालता येतात. मोंगोडीबी हा डॉक्युमेंट साठवणारा डेटाबेस वापरायचाच असेल तर एका डॉक्युमेंटची मर्यादा १६ मेगाबाइट आहे हे लक्षात ठेवावे. एखाद्या लेखाच्या डॉक्युमेंटमध्येच त्याच्या सगळ्या प्रतिक्रिया साठवत जाणे यासाठी धोक्याचे असते, कारण ती यादी कुठे थांबेल हे आपल्या हातात नसते.

हमी गृहीत धरणे

ही चूक सर्वांत महाग, कारण ती कळते तेव्हा माहिती आधीच बिघडलेली असते. ट्रान्झॅक्शन (एकतर सगळी होणारी किंवा एकही न होणारी कामांची साखळी) वापरले म्हणजे एकाच वेळी काम करणारे दोघे एकमेकांच्या आड येणार नाहीत, असा समज सार्वत्रिक आहे. पोस्टग्रेसची मूळ आयसोलेशन पातळी (एकाच वेळी चालणारी ट्रान्झॅक्शने एकमेकांपासून किती वेगळी ठेवायची याचे सेटिंग) ‘रीड कमिटेड’ असते, मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवणाऱ्या इंजिनची ‘रिपीटेबल रीड’. शेवटची एकच जागा शिल्लक असताना दोन ग्राहकांच्या विनंत्या एकाच क्षणी आल्या, दोघींनी ‘शिल्लक १’ असे वाचले, कोडने त्यातून एक वजा केला आणि दोघींनी शून्य लिहिले, तर या दोन्ही ठिकाणी, मूळ पातळीवर, जागा दोघांना विकली जाते. कोणतीही तक्रार लॉगमध्ये उमटत नाही. गंमत अशी की पोस्टग्रेसमध्ये पातळी वाढवून ‘रिपीटेबल रीड’ केली तर दुसऱ्या ट्रान्झॅक्शनला एरर मिळते, पण त्याच नावाच्या पातळीवर मायएसक्यूएल मुकाट्याने लिहू देतो. नाव सारखे म्हणून वागणूक सारखी, असे इथे धरून चालत नाही.

यावरचा उपाय डेटाबेस बदलणे हा नाही. वाचताना ‘सिलेक्ट फॉर अपडेट’ वापरून रो (टेबलातली ओळ) लॉक करावी. किंवा वाचून, वजा करून, लिहिण्याऐवजी शिल्लक शून्यापेक्षा जास्त असेल तरच ती एकने कमी करणारी एकच अपडेट चालवावी आणि किती रो बदलल्या हे तपासावे. जिथे शक्य आहे तिथे युनिक बंधन (तेच मूल्य दुसऱ्यांदा येऊ न देणारे) घालावे, कारण कोड कोणीही लिहिला तरी बंधन पाळले जाते. मोंगोडीबीत अनेक डॉक्युमेंटांवरचे ट्रान्झॅक्शन २०१८ च्या ४.० आवृत्तीपासून मिळते. पण ते सतत लागत असेल तर माहितीची मांडणी त्या डेटाबेसच्या स्वभावाविरुद्ध झाली आहे, असे समजायला हरकत नाही.

हमीचा दुसरा भाग टिकाऊपणाचा. रेडिस या मेमरीत माहिती ठेवणाऱ्या डेटाबेसमध्ये प्रत्येक लिखाणाची नोंद ठेवणारी एओएफ ही सोय चालू केली तरी तिच्या मूळ सेटिंगनुसार ती नोंद डिस्कवर दर सेकंदाला पक्की होते, म्हणजे सर्व्हर अचानक बंद पडल्यास सुमारे एका सेकंदाचे लिखाण जाऊ शकते. कॅशसाठी (झटपट वाचनासाठी ठेवलेल्या तात्पुरत्या प्रतीसाठी) हे काहीच नाही. पैशांच्या नोंदींसाठी ते खूप आहे. तिसरा भाग रेप्लिकांचा, म्हणजे मुख्य सर्व्हरच्या प्रतींचा. ‘मी पत्ता बदलला, तरी जुनाच दिसतो’ ही तक्रार आली की बहुतेकदा लिखाण मुख्य सर्व्हरवर आणि वाचन मागे पडलेल्या रेप्लिकावरून होत असते. वापरकर्त्याने नुकतीच बदललेली माहिती काही काळ मुख्य सर्व्हरवरूनच वाचली तर ही तक्रार थांबते.

याच संदर्भात एरिक ब्रूअर यांनी २००० मध्ये मांडलेला आणि गिल्बर्ट व लिंच यांनी २००२ मध्ये सिद्ध केलेला कॅप सिद्धांत पुढे केला जातो, आणि तोही ‘सुसंगती, उपलब्धता आणि संपर्क तुटला तरी चालू राहणे या तीनपैकी दोन गुण निवडा’ अशा सुटसुटीत पण दिशाभूल करणाऱ्या रूपात. सर्व्हरांमधला संपर्क तुटलेला असताना सुसंगत उत्तर द्यायचे की कसेही करून उत्तर द्यायचे, एवढाच प्रश्न तो सिद्धांत हाताळतो. एकाच सर्व्हरवर चालणाऱ्या प्रकल्पाने त्यावर बैठक घेऊ नये.

संथपणाचा दोष डेटाबेसला देणे

क्वेरी संथ आहे म्हणून डेटाबेस बदलण्याचा विचार करण्याआधी तिच्यापुढे ‘एक्स्प्लेन ॲनालाइझ’ लावून ती नेमके काय करते ते पाहावे. बहुतेक वेळा लाखो रोंचे टेबल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले जात असते, कारण हवा तो इंडेक्स (शोध झटपट करणारी सूची) नसतो, किंवा असूनही वापरता येत नाही. ईमेलच्या कॉलमवर इंडेक्स आहे पण क्वेरी तो कॉलम इंग्रजी अक्षरे लहान करणाऱ्या लोअर या फंक्शनमध्ये गुंडाळून तुलना करते, अशा वेळी साधा इंडेक्स उपयोगी पडत नाही. त्या रूपावरच इंडेक्स बनवावा लागतो. दोन कॉलमांच्या इंडेक्समध्ये क्रमाला महत्त्व असते आणि केवळ दुसऱ्या कॉलमवरच्या शोधाला त्याची फारशी मदत होत नाही. मायएसक्यूएलवरून पोस्टग्रेसकडे आलेल्यांना एक फरक हमखास नडतो: इनोडीबी फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या रोकडे नेणारा दुवा) असलेल्या कॉलमवर आपणहून इंडेक्स बनवतो, पोस्टग्रेस बनवत नाही. त्यामुळे मूळ टेबलातली एक रो काढतानाही संबंधित टेबल संपूर्ण चाळले जाते आणि ‘डिलीट अडकते’ अशी तक्रार येते.

प्रत्येक क्वेरी वेगवान असूनही पान संथ असेल, तर एका पानासाठी किती क्वेऱ्या जातात ते मोजावे. शंभर ऑर्डरींची यादी आणून मग प्रत्येकीचा ग्राहक वेगळ्या क्वेरीने आणला, तर एकशे एक फेऱ्या होतात. ओआरएम (कोडमधून आपोआप क्वेऱ्या तयार करणारी लायब्ररी) हे काम इतक्या शांतपणे करतो की कोड वाचून ते लक्षात येत नाही. क्वेरींचा लॉग पाहिला की लगेच दिसते.

कनेक्शन संपल्याची एरर हीसुद्धा निवडीची चूक नव्हे. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनसाठी वेगळी प्रोसेस सुरू करतो आणि त्याची मूळ मर्यादा १०० आहे. ती मर्यादा हजारावर नेणे हा पहिला सुचणारा उपाय असतो आणि त्यामुळे मेमरीवर ताण येतो. खरा उपाय पीजीबाउन्सरसारखा, थोडी कनेक्शने अनेकांना वाटून देणारा पूलर कोड आणि डेटाबेस यांच्या मध्ये ठेवणे आणि कोडमध्ये उघडी राहिलेली ट्रान्झॅक्शने शोधणे हा आहे. अशी तासन्‌तास उघडी राहिलेली ट्रान्झॅक्शने आणखी एक नुकसान करतात: त्यांना जुन्या रो दिसत राहाव्यात म्हणून व्हॅक्यूम या सफाईच्या प्रक्रियेला त्या साफ करता येत नाहीत आणि टेबल फुगत जाते.

एसक्यूलाइट या एका फाइलमध्ये राहणाऱ्या डेटाबेसवर ‘डेटाबेस लॉक आहे’ अशी एरर आली की तो डेटाबेस खेळण्यातला आहे असे म्हणून मोडीत काढला जातो. एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकच लेखक असतो हे खरे. पण २०१० पासून उपलब्ध असलेला वॉल मोड (बदल आधी वेगळ्या लॉग फाइलमध्ये लिहिण्याची पद्धत) चालू केला, लॉक सुटेपर्यंत थोडे थांबण्याची मुदत दिली आणि लिखाणाची ट्रान्झॅक्शने आखूड ठेवली, तर एका सर्व्हरवरचे बरेच मोठे काम तो निभावतो. वॉल मोडमधली फाइल नेटवर्कवरच्या सामायिक डिस्कवर मात्र ठेवू नये, कारण तो मोड तिथे चालत नाही. अनेक सर्व्हरांना एकाच माहितीत लिहायचे असेल, तेव्हा ती निवड खरोखर चुकलेली असते.

चाचणीत एक, प्रत्यक्षात दुसरा

चाचण्या झटपट चालाव्यात म्हणून त्या एसक्यूलाइटवर चालवायच्या आणि प्रत्यक्ष प्रणाली पोस्टग्रेसवर ठेवायची, ही सवय सोडावी. एसक्यूलाइट पूर्णांकाच्या कॉलमात अक्षरेही स्वीकारतो, आणि फॉरेन कीची तपासणी त्यात सहसा मुद्दाम चालू करावी लागते. अशा चाचण्या हिरव्या दिसतात आणि तरी काहीच सांगत नाहीत. प्रत्यक्षात जी आवृत्ती चालणार आहे तीच कंटेनरमध्ये (वेगळ्या, बंदिस्त वातावरणात) चाचणीसाठी उभी करावी.

कॉलमांचे प्रकार निवडतानाही चाचणी फसवते. मायएसक्यूएलचा जुना ‘यूटीएफ८’ हा अक्षरसंच एका अक्षरासाठी जास्तीत जास्त ३ बाइट देतो. देवनागरी अक्षरे ३ बाइटांत मावतात, त्यामुळे सगळे ठीक वाटते. पहिला इमोजी आला की ४ बाइट लागतात आणि नोंद फसते किंवा तिथेच तुटते. ‘यूटीएफ८एमबी४’ वापरावा. रक्कम अंदाजे मूल्य ठेवणाऱ्या फ्लोटमध्ये न ठेवता नेमके मूल्य ठेवणाऱ्या डेसिमलमध्ये ठेवावी, आणि भराभर वाढणाऱ्या टेबलाच्या क्रमांकासाठी बिगइंट घ्यावा, कारण साधा इंट २,१४,७४,८३,६४७ वर संपतो.

सांभाळणार कोण, हे न विचारणे

डेटाबेस निवडणे म्हणजे त्याचा बॅकअप, अपग्रेड आणि रात्री येणारा फोन निवडणे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेच्या एका अभियंत्याकडून चुकीच्या सर्व्हरवरची माहिती काढली गेली, आणि त्यानंतर कळले की बॅकअप घेणारा पीजीडंप ९.२ आवृत्तीचा होता, पोस्टग्रेस डेटाबेस ९.६ चा होता, त्यामुळे बॅकअप होतच नव्हता आणि अपयशाचे ईमेलही पोहोचत नव्हते. सुमारे सहा तासांची माहिती गेली. बाकीची वाचली ती दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटमुळे (त्या क्षणीच्या प्रतीमुळे). तेव्हा ज्या डेटाबेसचा बॅकअप रिकाम्या सर्व्हरवर परत उभा करून दाखवता येतो, तो डेटाबेस कागदावर सरस असलेल्या पण टीममधल्या कोणालाच न उमगणाऱ्या डेटाबेसपेक्षा चांगला. परवान्याकडेही एकदा पाहावे: मोंगोडीबीने २०१८ मध्ये आणि रेडिसने २०२४ मध्ये परवाना बदलला, आणि रेडिसच्या बाबतीत त्यातून व्हॅल्की हा वेगळा प्रकल्प निघाला.

बदलणे खरेच भाग असेल तर

इंडेक्स, क्वेऱ्या आणि कनेक्शने तपासून झाली, सर्व्हर मोठा करून पाहिला, आणि तरीही एका सर्व्हरची लिखाणक्षमता पुरत नाही हे आकड्यांत दिसले, तर बदल करावा. पण संपूर्ण डेटाबेस नव्हे, ज्या टेबलाला त्रास आहे तेवढेच आधी हलवावे. त्या वेळी कोडमधून दोन्ही डेटाबेसांत एकामागून एक लिहिण्याचा मोह होतो, आणि तिथेच नवी चूक घडते, कारण पहिले लिखाण यशस्वी होऊन दुसरे फसले तर दोन्हीकडची माहिती वेगळी पडते आणि कोणती खरी हे सांगता येत नाही. त्याऐवजी जुन्याच डेटाबेसमध्ये, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये, एका आउटबॉक्स टेबलात बदलाची नोंद करावी आणि वेगळ्या प्रोसेसने ती नव्या ठिकाणी पोहोचवावी. तोच बदल दोनदा पोहोचला तरी परिणाम एकदाच होईल अशी काळजी घ्यावी. रोज दोन्हीकडच्या नोंदींची संख्या आणि निवडक रोंचे चेकसम (माहितीवरून काढलेले पडताळणीचे आकडे) ताडून पाहावेत, वाचन थोडे थोडे करून नव्या ठिकाणी वळवावे, आणि फरक निघणे थांबल्यावर लिखाणाची मुख्य जागा नवी करून जुने टेबल काही काळ फक्त वाचनापुरते ठेवावे.