साक्षीदाराची टिंगल होत असताना तिची साक्ष कशी ऐकावी

खटल्याचे प्रक्षेपण पाहताना साक्षीदाराच्या उच्चारांवरून किंवा चेहऱ्यावरच्या वैतागावरून आपले मत बनू लागले, तर ती व्यक्ती तेथे का बसली आहे हे सर्वप्रथम आठवावे. फ्लोरिडातील सॅनफर्ड येथे २६ फेब्रुवारी २०१२ रोजी १७ वर्षांच्या ट्रेव्हॉन मार्टिनला वस्तीत स्वेच्छेने पहारा देणाऱ्या जॉर्ज झिमरमनने गोळी घालून ठार केले, त्याच्या अगदी थोडे आधी तो रेचल जाँटेल या मैत्रिणीशी फोनवर बोलत होता. झिमरमनवरच्या खटल्यात जून २०१३ मध्ये ती साक्षीला आली तेव्हा १९ वर्षांची होती, आणि दुसऱ्या दिवशीही चाललेल्या उलटतपासणीत ती चिडली, पुटपुटली, एकाक्षरी उत्तरे देऊ लागली. बाहेर तिच्या वजनावरून, रंगावरून आणि बोलण्यावरून यथेच्छ टवाळी चालू होती. मित्राचे शेवटचे शब्द पुनःपुन्हा उच्चारावे लागणाऱ्या मुलीकडून आपण नेमक्या कोणत्या शिष्टाचाराची अपेक्षा करतो, हे स्वतःला विचारावे.

त्यानंतर भाषा तपासावी; खरे काम येथेच आहे. जाँटेलच्या घरी हैतीची क्रिओल आणि स्पॅनिश होती. न्यायालयात ती जी इंग्रजी बोलली, तिचा अभ्यास जॉन रिकफर्ड व शरीस किंग या भाषाशास्त्रज्ञांनी केला आणि ती आफ्रिकी-अमेरिकी बोलीच्या नियमांना धरून असल्याचे दाखवले. तृतीयपुरुषी एकवचनी क्रियापदाचा ‘स’ गाळणे (‘he walks’ऐवजी ‘he walk’) हा तिचा निष्काळजीपणा नसून त्या बोलीची रीतच आहे. (आपल्याकडे ‘पानी’ म्हणणाऱ्याला हसणारेही हेच विसरतात.) म्हणून लेखी उतारा वाचताना, बोली न जाणणाऱ्याने तो उतरवला असण्याची शक्यता धरावी आणि शंका आल्यास ध्वनिमुद्रण ऐकावे. त्या फोनवरच्या संभाषणाबद्दल तिच्या नावाने पुढे आलेले पत्र तिने मैत्रिणीकडून लिहून घेतले होते आणि ते जोडअक्षरी वळण आपल्याला वाचता येत नाही, असे तिने भर न्यायालयात सांगितले. त्यावरही लोक हसले, पण ऐकलेल्या संभाषणाच्या खरेपणाशी हस्ताक्षराचा काय संबंध?

तिची खोटी विधाने मात्र झाकू नयेत. आपण रुग्णालयात असल्याने मार्टिनच्या अंत्यविधीला गेलो नाही, असे ती आधी म्हणाली होती. पुढे तिने ते खोटे असल्याचे कबूल केले आणि त्याचा मृतदेह पाहवला नसता, असे कारण दिले. अशा वेळी त्या खोट्याचा मूळ घटनेशी किती संबंध आहे, हे शांतपणे तोलावे.

नुसती कीव येऊन भागत नाही. झिमरमन १३ जुलै २०१३ रोजी निर्दोष सुटल्यानंतर एका ज्युरी सदस्येने मुलाखतीत जाँटेलबद्दल वाईट वाटल्याचे सांगितले, आणि त्याच मुलाखतीत तिचे बोलणे समजणे कठीण गेले व ती विश्वासार्ह वाटली नाही, असेही सांगितले. तेव्हा एखादा तुकडा पुढे पाठवण्याआधी त्याच्या आधीचा प्रश्न आणि नंतरचे संपूर्ण उत्तर ऐकावे, आणि न समजलेले वाक्य ती बोली बोलणाऱ्याला विचारावे.