जुन्या वर्तमानपत्रांतून पणजोबांचा माग

शोधाला लागण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांकडून गाव, व्यवसाय आणि अंदाजे साल विचारून घ्यावे. जुन्या कागदावर शालिवाहन शकाचे वर्ष असल्यास इसवी सनासाठी त्यात ७८ मिळवावेत, जानेवारी ते मार्चमधील घटनेसाठी ७९. मग १८४९ साली पुण्यात सुरू झालेला ‘ज्ञानप्रकाश’ किंवा १८८१ पासूनचा ‘केसरी’ अग्रलेख सोडून चाळावा, कारण साधी माणसे भेटतात ती जाहीर नोटिसा, परीक्षांचे निकाल आणि वर्गणीदारांच्या याद्यांत. आडनाव गाळून केवळ स्वतःचे व वडिलांचे नाव छापलेले असू शकते, हे ध्यानात ठेवावे. संगणकावर शोधताना ‘नांव’, ‘गांव’, ‘कांहीं’ अशी जुनी, अनुस्वारयुक्त रूपेही वापरून पाहावीत. औषधांच्या अतर्क्य जाहिराती वेळ खातात. माझा तर त्यांतच अधिक जातो. सापडलेल्या मजकुराबरोबर अंकाची तारीख आणि पृष्ठ लगेच टिपून ठेवावे.