उरलेल्या पट्ट्यांची गोधडी

ब्लाउज, कुर्ता किंवा परकर बेतल्यावर कापडाच्या ज्या दोन-तीन इंची पट्ट्या उरतात, त्या ठिगळाला अपुऱ्या आणि टाकून द्यायला जड वाटतात. आपली पारंपरिक गोधडी, म्हणजे कोल्हापूर-साताऱ्याकडची वाकळ, जुन्या लुगड्याधोतरांचे अखंड थर एकमेकांवर घालून धावदोऱ्याने शिवली जाते आणि रंगीत तुकडे वरून ठिगळासारखे बसतात. पट्ट्यांच्या गोधडीत मात्र वरचा थरच तुकड्यांनी बनवायचा असल्याने थोडी वेगळी शिस्त लागते. माझ्या पहिल्या प्रयत्नात मी पट्ट्या नुसत्या एकीला एक जोडत गेले. सहाव्या-सातव्या पट्टीनंतर कापडाला धनुष्यासारखी कमान आली आणि ती शेवटपर्यंत पलंगावर सरळ बसली नाही. बेतताना उरलेल्या पट्ट्या बहुतेक उरेब असतात, म्हणजे धाग्याला तिरक्या कापल्या गेलेल्या असतात, आणि उरेब कापड शिवताना ताणले जाते, हे कारण नंतर ध्यानात आले. त्यावरचा खात्रीचा उपाय म्हणजे प्रत्येक पट्टी जुन्या सुती कापडाच्या चौकोनावर शिवणे. या चौकोनाला आपण पाया म्हणू.

आधी पट्ट्या निवडाव्यात. शक्यतो सगळ्या सुती असाव्यात; शंका आल्यास दोन धागे काढून जाळून पाहावेत. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि त्याची मऊ राख होते, तर पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी बनते. नवे कापड आटते म्हणून धुऊन घ्यावे, आणि लाल, गडद निळ्या व काळ्या पट्ट्या ओल्या करून पांढऱ्या फडक्यावर घासून पाहाव्यात. मिठाच्या पाण्यात भिजवल्याने रंग पक्का होतो असे सांगितले जाते, पण त्यावर विसंबू नये. फडक्याला रंग लागतच राहिला तर ती पट्टी सरळ बाजूला काढावी. पट्ट्यांची रुंदी एकसारखी करण्याची मुळीच गरज नाही. दीड ते तीन इंचांपर्यंतचा फरक उलट शोभतो.

एका माणसाच्या पाच फूट बाय सात फूट गोधडीसाठी जोडल्यावर १२ इंच भरणारे ३५ चौकोन लागतात, पाच आडवे आणि सात उभे. जुन्या धोतराचे किंवा विरलेल्या चादरीचे १३ इंची चौकोन पाया म्हणून कापावेत आणि ते मात्र उभ्या-आडव्या धाग्यांत सरळच कापावेत, कारण सगळा भरवसा त्यांच्यावर आहे. सुमारे १९ इंच लांबीची पहिली पट्टी चौकोनाच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडे, सुलट बाजू वर करून ठेवावी. दुसरी पट्टी तिच्यावर उलटी, म्हणजे सुलटीवर सुलट येईल अशी, एका कडेला कड जुळवून ठेवावी आणि पाव इंच माया, म्हणजे शिलाईबाहेरची कड, सोडून दोन्ही पट्ट्या व पाया यांतून एकच शिलाई मारावी. मग वरची पट्टी उलगडून शिलाईवरून नख दाबून फिरवावे आणि इस्त्री करावी. इस्त्री खाली दाबावी, ओढत नेऊ नये. याच रीतीने उरलेल्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत पट्ट्या लावत जाव्यात. कोपऱ्याकडे त्या आखूड होत जातात, त्यामुळे वीतभर तुकडाही वाया जात नाही. शेवटी चौकोन उलटा करून साडेबारा इंचांवर चारही बाजू छाटाव्यात. सगळ्या चौकोनांची मधली पट्टी एकाच रंगाची घेतली आणि शेजारचे चौकोन आलटून पालटून फिरवून जोडले, तर रंगांच्या गर्दीतून बर्फीच्या आकाराची जाळी उमटते. मला ही जाळी नसलेली गोधडी विस्कटलेली वाटते, पण हा आवडीचा भाग आहे.

चौकोन आधी आडव्या रांगांत आणि मग रांगा एकमेकींना जोडाव्यात. एका रांगेतील माया डावीकडे दाबली, तर पुढच्या रांगेतील उजवीकडे दाबावी, म्हणजे सांध्यावर गाठीसारखा फुगवटा येत नाही.

पायामुळे वरचा भाग आधीच दुपदरी झालेला असतो, म्हणून आत लुगड्याचा एकच थर घालावा. दोन घातले तर सांध्यांवर सुई अडते. मागच्या बाजूला साडेपाच मीटरची जुनी सुती साडी पुरते. तिचे ९० इंचांचे दोन तुकडे लांबीत जोडून ६४ बाय ८८ इंच कापड काढावे, म्हणजे चारही बाजूंना दोन-दोन इंच जास्त राहते. तिन्ही थर जमिनीवर अंथरून मधून कडांकडे हात फिरवत सुरकुत्या काढाव्यात आणि वीतभर अंतराने कच्चे टाके घालावेत. पट्ट्यांच्या गोधडीत ही पायरी वगळू नये.

त्यानंतर मागचे जास्तीचे कापड दुमडून पुढे घ्यावे आणि काठ तुरपून टाकावा. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या, मूळ आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातील स्त्रिया आपल्या कवंदीच्या, म्हणजे त्यांच्याकडच्या गोधडीच्या, चारही कोपऱ्यांत कापडाच्या घड्यांची ‘फुले’ बसवतात. आवडल्यास तसे करता येईल. धावदोरा त्यांच्या कवंदीत आणि आपल्या गोधडीतही काठापासून सुरू होऊन चौकटीत आत-आत जातो. तांदळाच्या दाण्याएवढा टाका आणि दोन ओळींत एक इंच अंतर ठेवले, तर मध्यापर्यंत ३० फेऱ्या होतात आणि सुमारे १२८ मीटर धावदोरा पडतो. म्हणून घाई करू नये. हातभरापेक्षा लांब दोरा घेतल्यास तो गुंततो. दाभण वापरू नये, त्याची भोके राहतात. लांब सुई आणि मधल्या बोटाला अंगुस्तान पुरेसे असते. प्रत्येक फेरीनंतर गोधडी उलटून मागे चुणी पडली नाही ना, हे पाहावे, कारण चुणी त्याच फेरीत सापडली तर हातभरच उसवावे लागते.

पहिली धुलाई थंड पाण्यात, एकटीच करावी. ओली गोधडी फार जड होते. ती दोरीवर एका टोकाला लोंबकळत ठेवली की टाके ताणले जातात, म्हणून दोन दोऱ्यांवर पसरून किंवा कठड्यावर आडवी टाकून वाळवावी.